वाचक विचारतात : परगावच्या आणि परदेशच्या फोनचा खर्च

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे फोनच्या खर्चाविषयी आहेत. त्यांतील सहा येथे संक्षिप्त करून घेतली असून नावे न छापता गावे तेवढी दिली आहेत. रिचार्जच्या रकमा कंपन्या वरचेवर बदलतात. तेव्हा खालील आकडे हिशेबाची रीत कळण्यापुरते घ्यावेत आणि पैसे भरण्याच्या दिवशी दर पुन्हा पाहावा.

प्रश्न (वाई) : माझे सासरे ७९ वर्षांचे आहेत. पुण्यातील नणंदेला ते रात्री अकरानंतरच फोन लावतात, कारण "तेव्हा पाव दर असतो". ती बिचारी झोपेतून उठून बोलते. वेळेनुसार दर कमी-जास्त होण्याची पद्धत अजून चालू आहे का?

उत्तर : नाही. दिवसा बोला किंवा मध्यरात्री बोला, भारतातल्या भारतात फोन करायला आता सारखेच पैसे पडतात. मात्र सासऱ्यांची सवय अगदी सकारण लागलेली आहे. भारतात थेट नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय, म्हणजे एसटीडी, १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये पहिल्यांदा सुरू झाली. ती गावोगाव पोहोचेपर्यंत लोक ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहत बसत असत. एसटीडी आल्यावरही दर अंतराच्या टप्प्यांवर ठरत. गाव दोनशे किलोमीटरच्या आत आहे की पाचशेच्या पलीकडे, यावर मीटरचा वेग अवलंबून असे. दिवसाचा पूर्ण दर संध्याकाळी उतरू लागे आणि रात्री उशिरा पावावर येई. पुण्यात शिकत असताना शनिवारी रात्री बूथबाहेरच्या रांगेत मीही अनेकदा उभा राहिलो आहे. काचेच्या त्या एवढ्याशा खोलीत डोळ्यांसमोर लाल आकडे पळत असत. त्यांच्याकडे बघत बोलल्यामुळे आईला सांगायचे निम्मे राहून जाई, आणि बाहेर आल्यावर छोट्या यंत्रातून टरटर निघालेली चिठ्ठी पाहून खिशातली चिल्लर मोजावी लागे. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांच्या हाताला अकराचा ठोका आपोआप कळतो.

त्या पद्धतीचा शेवट टप्प्याटप्प्याने झाला. १ मार्च २००६ रोजी सरकारी कंपन्यांनी देशभर कोठेही मिनिटाला एक रुपया अशी योजना आणली, तेव्हा अंतराचे महत्त्व जवळजवळ संपले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने कॉल मोफत दिले आणि इतरांनाही त्याच वाटेने जावे लागले. एका कंपनीचा कॉल दुसरीच्या जाळ्यात गेला की पहिलीने दुसरीला मिनिटामागे काही पैसे द्यायचे असत. हे शुल्क ऑक्टोबर २०१७ मध्ये १४ पैशांवरून ६ पैशांवर आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर आले. आता कंपन्या अंतराचे किंवा मिनिटांचे पैसे घेत नाहीत, मुदतीचे घेतात. एवढे सांगूनही सासऱ्यांना ते पटेलच असे नाही. त्यांच्या फोनवर अमर्याद कॉलचा रिचार्ज आहे याची खात्री करून घ्या, एखाद्या दुपारी त्यांच्यादेखत नणंदेशी अर्धा तास बोला, आणि बोलण्याआधीची व नंतरची शिल्लक त्यांना दाखवा.

प्रश्न (मिरज) : घरात आम्ही दोघेच असतो. दोघांकडे बटणांचे फोन आहेत आणि त्यांत दर २८ दिवसांनी प्रत्येकी १९९ रुपयांचा रिचार्ज मारतो. त्यातला डेटा वापरला जात नाही. शिवाय १९९१ सालापासूनची लँडलाइन आहे, तिचे बिल महिन्याला अडीचशेच्या आसपास येते. मुलगी इंदूरला आणि बहीण बेळगावला असते, त्यामुळे फोन भरपूर होतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पुतण्याने फायबरचे इंटरनेट घेतले आहे. कोठे काटछाट करता येईल?

उत्तर : आपण आकडे दिलेत हे फार बरे केले, नाहीतर बहुतेक पत्रांत "बिल फार येते" एवढेच लिहिलेले असते. आधी २८ दिवसांचे पाहू. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. १९९ गुणिले १३ म्हणजे एका फोनचे वर्षाला २,५८७ रुपये आणि दोन्हींचे ५,१७४. या तेराव्या रिचार्जबद्दल ग्राहकांच्या तक्रारी झाल्या, आणि जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा किमान एक रिचार्ज ठेवण्यास सांगितले. दुकानदार तो आपणहून सुचवीत नाही, मागावा लागतो.

आपल्या उपयोगाची गोष्ट मात्र दुसरीच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज देणे बंधनकारक केले आणि विशेष रिचार्जची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेली. त्यानंतर वर्षभराचा असा रिचार्ज २०२५ मध्ये साधारण १,८५० रुपयांना मिळू लागला. दोन फोनांचे ३,७०० धरले तर वर्षाला सुमारे १,४७५ रुपये वाचतील. डेटा पूर्णपणे काढून टाकल्यावर याहून अधिक फरक पडायला हवा होता, असे मला वाटते. पण कंपन्यांनी दर असे बेतले आहेत की ग्राहकाने "थोडे आणखी घालून डेटाचाच घेऊ" असे म्हणावे. आपण तसे म्हणू नये. दुकानात गेल्यावर "कमीत कमी किमतीचा द्या" असे न म्हणता "डेटा नसलेला, फक्त कॉल आणि एसएमएसचा, वर्षाचा द्या" असे सांगावे. पहिल्या मागणीला दुकानातला मुलगा पुन्हा २८ दिवसांचाच लावून देईल. एकरकमी पैसे काढणे जड वाटत असेल तर हाच प्रकार ८४ दिवसांच्या मुदतीतही मिळतो.

आता लँडलाइन. वर्षाचे तीन हजार रुपये तिच्यावर जातात आणि आपले बोलणे तर मोबाइलवर फुकट होते. पुतण्याच्या फायबर जोडणीसोबत बहुधा एक लँडलाइन क्रमांक आणि देशभर मोफत कॉल मिळालेलेच असतील, कारण बहुतेक फायबर योजनांत ते अंतर्भूत असतात. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डब्याच्या मागे फोनची वायर खोचण्याची जागा असते आणि कित्येक घरांत ती वर्षानुवर्षे रिकामी पडलेली असते. तेथे आपला जुनाच फोन जोडून पाहावा. तीस वर्षे नातेवाइकांना पाठ असलेला क्रमांक सोडवत नसेल, तर तोच क्रमांक फायबरवर घेता येईल का, याची आपल्या कंपनीच्या कार्यालयात चौकशी करावी. फोन बंद करायचा ठरल्यास अनामत रक्कम परत मिळण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा आणि पोच घ्यावी. वीज गेली की फायबरचा फोनही मुका होतो, जुन्या तांब्याच्या तारेचा होत नसे, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

दोन गोष्टी आणखी. घरात कपाटात पडलेले तिसरे सिम असेल आणि त्याचा रिचार्ज थांबवायचा असेल, तर आधी बँक, आधार, गॅस आणि पेन्शन यांच्याकडे तो क्रमांक नोंदलेला नाही ना, हे तपासावे. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो, आणि मग आपल्या खात्याचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. दुसरी गोष्ट कंपनी बदलण्याची. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्यासाठी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत 'पोर्ट' लिहून, एक जागा सोडून आपला मोबाइल क्रमांक टाकावा आणि तो संदेश १९०० वर पाठवावा. पोर्ट करताना उरलेली शिल्लक आणि मुदत बुडते, त्यामुळे हे काम रिचार्ज संपत आल्यावर करावे. त्याआधी नव्या कंपनीचे सिम असलेला शेजाऱ्यांचा फोन आपल्या स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत नेऊन रेंज पाहावी. स्वस्त रिचार्ज घेऊन बोलायला अंगणात यावे लागत असेल तर त्यात बचत कसली?

प्रश्न (चिपळूण) : मुलगा न्यू जर्सीत आहे. तो स्काइपवरून आमच्या घरच्या लँडलाइनला फोन करीत असे, ते मे २०२५ मध्ये बंद झाले. आता मी मोबाइलवरून आयएसडी, म्हणजे थेट परदेशचा फोन, लावते. "जेवलास का" विचारून होईपर्यंत शिल्लक संपते. मला स्मार्टफोन जमत नाही. काय करावे?

उत्तर : फोन त्यानेच लावावा, ही यातली मुख्य बचत. भारतातून बाहेर जाणाऱ्या कॉलला मिनिटामागे पैसे पडतात आणि आपल्या अमर्याद कॉलच्या रिचार्जमध्ये तो येत नाही. उलट परदेशातून येणारा फोन घ्यायला आपल्याला काहीच पडत नाही आणि तिकडच्या कंपनीलाही फार पडत नाही. बाहेरून आलेला कॉल भारतातल्या फोनपर्यंत पोहोचवण्याचे शुल्क ट्रायने मे २०२० पासून मिनिटाला ३५ ते ६५ पैशांच्या मर्यादेत ठेवले आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांना भारतात बोलण्याच्या जोडयोजना देणे परवडते. मुलाने आपल्या कंपनीकडे अशी योजना विचारावी किंवा गूगल व्हॉइससारखी सेवा घ्यावी. त्यावरून लँडलाइनलाही फोन लागतो, म्हणजे आपल्याकडे काहीच बदलावे लागणार नाही. आपल्याला तातडीने बोलायचे असेल तर आपली जुनी मिस्ड कॉलची रीत आहेच. दोन रिंगा देऊन तोडावे, मग तो लावील.

मुलाला एक गोष्ट आवर्जून सांगावी. फुकटात किंवा अविश्वसनीय स्वस्तात भारतात बोलू देणारी काही ॲप्स असतात. तो न्यू जर्सीहून बोलत असताना आपल्या फोनवर भारतातलाच कोणता तरी दहा आकडी अनोळखी क्रमांक दिसला, तर तो कॉल बेकायदा मार्गाने, बहुधा शेकडो सिम घातलेल्या एखाद्या यंत्रातून, आत आणलेला असतो. असे कॉल कळवण्याची सोय दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आहे.

स्मार्टफोनविषयी थोडा आग्रह करतो. घरात वायफाय असेल तर मुलाचा जुना फोन आपल्यासाठी मागवावा, त्यात आपलेच सिम घालावे आणि रिचार्ज डेटाशिवायचाच ठेवावा. व्हॉट्सॲप वायफायवर चालते. पडद्यावर मुलाच्या फोटोचे एकच बटण ठेवायला कोणाला तरी सांगावे, बाकी सगळे काढून टाकावे. वेळ पाहताना उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक धरावा, कारण घड्याळ ते मागेपुढे करतात, आपण करीत नाही.

प्रश्न (सावंतवाडी) : यजमान शारजाला नोकरीस आहेत. त्यांचे व्हॉट्सॲपवरचे संदेश येतात पण कॉल लागत नाही. त्यांच्या खोलीतले लोक व्हीपीएन, म्हणजे आपण इंटरनेट कोठून वापरतो ते लपवणारे ॲप, वापरा म्हणतात. त्यात काही धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो लहान नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून कॉल करण्यास परवानगी नाही. तेथील २०२१ च्या सायबर कायद्यानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास पाच लाखांपासून वीस लाख दिरहमपर्यंत दंड होऊ शकतो. महिन्याचे दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी नोकरी पणाला लावू नये. परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप्स आहेत. बोटिम दोन्हीकडच्या फोनांत घालावे लागते आणि ते आपल्याकडेही चालते. कॉल शक्य नसेल तेव्हा व्हॉट्सॲपवर आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवावा. त्याला तेथे आडकाठी नाही, आणि पाळी संपवून आलेला माणूस ते दोनदा ऐकतो, असे आखातातले वाचक मला कळवीत असतात.

प्रश्न (नाशिक) : आम्ही दोघे तीन महिन्यांसाठी जर्मनीत मुलीकडे जाणार आहोत. बँकेच्या ओटीपीसाठी येथले सिम चालू राहायला हवे. रोमिंगचा महागडा पॅक घ्यावा का?

उत्तर : तीन महिन्यांसाठी घेऊ नये. आठ-दहा दिवसांच्या सहलीला तो ठीक आहे. तिकडे पोहोचल्यावर मुलीकडून स्थानिक सिम किंवा ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणारे सिम) घ्यावे आणि सगळे बोलणे घरच्या वायफायवरून, आपल्या भारतीय क्रमांकाच्याच व्हॉट्सॲपवर करावे. भारतातले सिम फोनमध्ये राहू द्यावे, पण त्याचा डेटा रोमिंगचा पर्याय विमानात बसण्यापूर्वी बंद करावा आणि त्यावर येणारे साधे फोन उचलू नयेत, कारण परदेशात आलेला फोन घेण्याचेही पैसे पडतात. येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या काही आकारीत नाहीत. तरी आपल्या कंपनीला हे विचारून घ्यावे आणि आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा येथूनच सुरू करून निघावे, नाहीतर ओटीपी पोहोचणारच नाही. रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे आठवडाभर तरी असावी.

प्रश्न (अकोला) : एका रात्री अनोळखी क्रमांकावरून एकच रिंग वाजली. आपला कोणी असेल म्हणून मी उलट फोन लावला. पलीकडे नुसते संगीत वाजत होते. दीड-दोन मिनिटांत ११० रुपये कापले गेले. कंपनी म्हणते, "तुम्हीच लावला होता." पैसे परत मिळतील का?

उत्तर : या फसवणुकीला जगभर 'वानगिरी' म्हणतात. हा जपानी शब्द आहे आणि त्याचा अर्थच 'एक रिंग देऊन तोडणे' असा आहे. यंत्राने हजारो लोकांना एकेक रिंग दिली जाते. जे उलट फोन लावतात त्यांचा कॉल दूरच्या एखाद्या देशातल्या महागड्या क्रमांकावर जातो, आणि त्या मिनिटांच्या पैशांत फसवणाऱ्याचा वाटा असतो. संगीत यासाठी, की आपण "हॅलो, हॅलो" करीत थांबून राहावे. भारतातल्या क्रमांकाआधी अधिक चिन्ह आणि ९१ असते. त्या जागी दुसरे काही दिसले आणि परदेशात आपले कोणी नसले, तर फोन लावू नये. आपल्याला आयएसडीची गरजच नसेल तर कंपनीला सांगून ती सेवा बंद करून घ्यावी. मग चुकून बोट लागले तरी कॉल जाणार नाही.

पैसे परत मिळण्याची शाश्वती देता येत नाही, कारण कॉल खरोखरच आपल्या फोनवरून झाला आहे. तरी तक्रार जरूर करावी, विशेषतः आयएसडी आपण कधी मागितलीच नव्हती असे असेल तर. प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. उत्तराने समाधान झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि त्याला शुल्क पडत नाही. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात की नाही, हा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहकांच्या बाजूने मिटवला आहे. ११० रुपयांसाठी आयोगापर्यंत जायचे की नाही, हे आपण ठरवावे. पण अपिलापर्यंत तरी जावे, आणि त्या रात्रीच्या कॉलची नोंद दाखवणारे पान छापून घेऊन तक्रार क्रमांकाच्या चिठ्ठीला टाचून ठेवावे.